वधस्तंभाचा अर्थ कोणी लावायचा?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापला. 'ग्रामगीता' १९५५ ची. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. येथील सामुदायिक प्रार्थनेला मूर्ती लागत नाही, समोर असते ते नुसते अधिष्ठान. पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीच्या वेळी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांत ख्रिस्ती प्रार्थनाही असते. हजारो माणसे ती शांतपणे ऐकतात आणि सर्व धर्म शेवटी एकच सांगतात, असे समाधान घेऊन घरी जातात.

मी या परिसरात राहणारा, धम्म स्वीकारलेल्या घरातला एक शिक्षक आहे. सर्व धर्म एकच सांगतात हे वाक्य मला कधी पटले नाही. ते सोयीचे आहे, म्हणून लोकप्रिय आहे. ख्रिस्ती प्रार्थनेच्या मध्यभागी एक ठार मारलेला माणूस आहे. तो आजारपणाने गेलेला नाही, त्याने समाधी घेतलेली नाही. त्याला अटक झाली, त्याच्यावर खटला चालला आणि भरदिवसा लोकांदेखत त्याला खिळे ठोकून मारण्यात आले. असा मृत्यू ज्या श्रद्धेचा गाभा आहे ती श्रद्धा रोजच्या जगण्यात काय घडविते? ती माणसाला सोसायला शिकविते, की सोसायला लावणाऱ्याकडे बोट दाखवायला शिकविते?

हा प्रश्न आम्ही बौद्धांनी का विचारावा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की या श्रद्धेने जगणाऱ्यांत आमचेच भाऊबंद आहेत. महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली कितीतरी घरे १९५६ च्या आधीच ख्रिस्ती झाली होती. पुढे आम्ही विहारात गेलो, ते चर्चमध्ये राहिले. गावाने मात्र दोघांचीही जागा बदलली नाही. म्हणून त्यांच्या श्रद्धेचा इतिहास हा आमच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो आपण तपासला पाहिजे.

१. शब्दातला इतिहास

मराठीत या गोष्टीला दोन शब्द आहेत. गोव्याकडून आणि वसईकडून आलेला कॅथलिक शब्द 'क्रूस'. तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि जुन्या बोलीत 'खुरीस' झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात बसून 'ख्रिस्तपुराण' रचले ते १६१६ साली छापले गेले. संतांच्या ओवीतून त्यांनी येशूचा जन्म आणि मरण मराठी कानांना ऐकविले. दुसरा शब्द प्रॉटेस्टंट मिशनच्या बायबलातला. तो आहे 'वधस्तंभ'.

या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. क्रूस सोन्याचा करून गळ्यात घालता येतो. वधस्तंभ गळ्यात घालता येत नाही, कारण त्या शब्दात वध आहे, आणि वध म्हटला की वध करणारा आलाच. ज्या कोणा भाषांतरकाराने हा शब्द निवडला त्याच्या मनात काय होते ते असो. पण महारवाड्यातल्या ज्या माणसाने तो पहिल्यांदा ऐकला त्याला अर्थ समजावून सांगावा लागला नसणार. सुळी देणे, चाबकाने फोडणे, वेशीबाहेर नेऊन मारणे, हे त्याच्या माहितीतले होते.

२. ही शिक्षा कोणाची?

खांबावर खिळून मारण्याची शिक्षा रोमन साम्राज्यात प्रामुख्याने गुलामांसाठी, बंडखोरांसाठी आणि हलक्या समजल्या गेलेल्या लोकांसाठी होती. रोमन नागरिकाला सहसा ती दिली जात नसे. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचे गुलामांचे बंड मोडल्यावर काप्युआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सुमारे ६,००० गुलाम असे खिळले गेले. मारणे एवढाच हेतू असता तर तलवार पुरेशी होती. रस्त्यावर खिळण्याचा हेतू दाखविण्याचा होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गुलामाने पाहावे आणि मान खाली घालावी, यासाठी ती शिक्षा होती.

आपल्या वाचकाला हे परके वाटू नये. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावी दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावादेखत मारण्यात आले. या घटनांतही मारणे किंवा जायबंदी करणे एवढाच हेतू नव्हता. सगळ्या वस्तीने पाहावे आणि धडा घ्यावा, हा होता. जातिव्यवस्थेला सत्ता टिकविण्यासाठी अधूनमधून असे प्रदर्शन लागते. रोमलाही लागत होते.

येशूला ही शिक्षा का झाली? मार्कच्या शुभवर्तमानात क्रम स्पष्ट आहे. तो यरुशलेमेच्या मंदिरात गेला, तेथला बाजार त्याने उधळला, आणि त्यानंतर मुख्य याजक त्याचा घात कसा करावा हे पाहू लागले. हा बाजार मंदिराच्या बाहेरच्या अंगणात भरत असे. तेवढ्याच अंगणात परराष्ट्रीयांना पाऊल टाकता येत असे. त्यापुढे एक कठडा होता. त्या कठड्यावरची एक दगडी पाटी १८७१ साली सापडली. पुढे पाऊल टाकणारा परका आपल्या मरणाला आपणच जबाबदार राहील, असा तिचा आशय आहे. देवळाची पायरी आणि मरणाची धमकी यांचे नाते आपल्याला कोणी शिकवायला नको. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी जी परिषद भरली तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पुढे १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा राहिला. या दोन्ही दारांपुढे उभ्या राहिलेल्या माणसांना ती पाटी वाचता आली असती.

येथे एक सावधगिरी हवी. ख्रिस्ती युरोपने या मरणाचा आळ शतकानुशतके सगळ्या ज्यू लोकांवर टाकला आणि त्यांच्या वस्त्या जाळल्या. वास्तविक शिक्षा देणारा रोमचा सुभेदार होता, आणि मारला गेलेला माणूस स्वतः ज्यू होता. मंदिरातल्या मूठभर सत्ताधाऱ्यांचा दोष एका सबंध जमातीच्या माथी मारणे हे जातीचेच तर्कशास्त्र झाले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. इ. स. ३१२ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ताचे चिन्ह आपल्या सैन्याच्या ढालींवर चढविले. गुलामाला मारण्याचे साधन राजाचे निशाण झाले. पुढे गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला काही काळ सोडला तर, इन्क्विझिशन चालले ते याच क्रुसाखाली. तात्पर्य, चिन्ह कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. खालून पाहिले तर तो वधस्तंभ आहे, वरून पाहिले तर राजदंड.

३. वऱ्हाडच्या घरात

वऱ्हाडात ही श्रद्धा आली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. मेळघाटच्या कोरकूंमध्ये आणि एलिचपूरच्या बाजूला एक मिशन काम करू लागले, अकोला-खामगावकडे अमेरिकन 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' आली. शेजारी जालन्याकडे नारायण शेषाद्रींनी मांग-महार ख्रिस्त्यांची बेथेल ही वसाहत उभी केली होती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. पंडिता रमाबाईंनी पहिल्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली उचलून आणल्या आणि त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. अकोल्याला मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथालय चालले. भुकेपोटी धर्म बदलला, असे हिणवणारे आजही आहेत. त्यांना एवढेच विचारावे की त्या दुष्काळात तुमच्या धर्माची भाकरी कोठे होती?

या घरांत रोजच्या जगण्यात काय बदलले? मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट बळीची. ख्रिस्ती शिकवण असे सांगते की येशूचा बळी एकदाच आणि सर्वांसाठी झाला. आता दुसरा बळी नको. पुस्तकात हे रूक्ष तत्त्वज्ञान वाटते. पण गावगाड्यात देवीचा रेडा महार-मांगांच्या वाट्याला येत असे. त्याचे मांस, त्याची घाण, त्याचे रक्त शिंपीत गावाभोवती फिरणे, सगळे त्यांच्याकडे. बळी संपला म्हणजे ही कामेही संपली. एका धर्मसिद्धांताने हातातले काम काढून घेतले, आणि त्या कामाबरोबर चिकटलेला विटाळही नाकारला.

दुसरी गोष्ट मरणाची. घरात माणूस गेला की भटाची वाट पाहायची नाही, पिंड नाही, कावळा नाही. मंडळी जमते, 'उपासना-संगीता'तले गीत म्हणते, आणि मातीवर लाकडाचा साधा वधस्तंभ उभा राहतो. ज्याच्या नावाचा दगड कोणी कधी लावला नव्हता त्याच्या नावाची खूण राहते.

तिसरी गोष्ट शुक्रवारची. उत्तम शुक्रवारी मराठी मंडळ्यांत दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना चालते आणि येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोलले जाते. कित्येक ठिकाणी सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यांत शिक्षक असतो, परिचारिका असते, रेल्वेतला कामगार असतो. वधाचा अर्थ सांगण्याचा अधिकार केवळ पाळकाचा राहत नाही. आमच्या आयाबायांना जेव्हा शास्त्राचा शब्दही ऐकू देत नव्हते, त्याच काळात एका मिशन कंपाऊंडमध्ये महारणीची लेक धर्मग्रंथ उघडून वाचत होती. ही क्रांती लहान नाही.

चौथी गोष्ट मात्र अवघड आहे, आणि खरा वाद तेथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मागे येणाऱ्याला आपला वधस्तंभ उचलायला सांगतो, आणि तेथे 'दररोज' असा शब्द आहे. मत्तय आणि मार्क यांच्याकडे तो नाही. या एका शब्दाने वधस्तंभ स्वयंपाकघरात आला. नवरा दारू पिऊन मारतो? हा तुझा वधस्तंभ. मुलाला नोकरी नाही? वधस्तंभ. पाटलाने मजुरी बुडविली? प्रभूने किती सोसले ते आठव. अन्याय आणि दुखणे, गुन्हा आणि नशीब, सगळे एकाच खांबाला टांगले गेले. येशूला मारणारे कोणी होते, आणि ते चुकले होते, ही बाजू या समजुतीतून गळून पडली.

४. बाबासाहेबांचा आक्षेप

या दुखण्यावर नेमके बोट ठेवले ते बाबासाहेबांनी. १९३८ च्या प्रारंभी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीची आपली ओढ मोकळेपणाने सांगितली. आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाज शिकला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही, असेही सुनावले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा : माणसाच्या पतनाचे कारण त्याचे पाप आहे, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. अस्पृश्य जोवर ख्रिस्ती नव्हता तोवर आपली दुर्दशा भोवतालच्या समाजाने केली आहे हे त्याला ठाऊक होते. ख्रिस्ती झाल्यावर ती आपल्या पापामुळे आहे असे त्याला सांगण्यात आले. जो दोष आपल्यात पाहतो तो व्यवस्थेशी लढत नाही.

या आक्षेपाची एक बाजू ख्रिस्ती मित्रांच्या वतीने मांडली पाहिजे. सगळेच पापी आहेत असे म्हणणे म्हणजे पाटीलही पापी, भटही पापी. जन्माने फक्त महारच अपवित्र मानणाऱ्या गावात हे वाक्य बंडाचे होते. पण सगळे सारखेच पापी असे म्हटल्याने मारणारा आणि मार खाणारा यांतला फरक पुसला जातो, हेही तितकेच खरे. पापाची समता म्हणजे जबाबदारीची समता नव्हे.

दुसरे असे की, हा आक्षेप खुद्द शुभवर्तमानातही सापडतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ज्या देशात प्रत्येक आंधळ्याला मागच्या जन्माचा हिशोब दाखविला जातो, त्या देशात प्रत्येक चर्चमध्ये दर महिन्याला वाचावा असा तो अध्याय आहे.

सोसण्याचे तत्त्वज्ञान केवळ मिशनऱ्यांनी सांगितले असेही नाही. मोझरीपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामला, जेथे १९३६ साली तुकडोजी महाराजही राहिले होते, तेच तत्त्वज्ञान दुसऱ्या भाषेत चालत होते. डिसेंबर १९३१ मध्ये व्हॅटिकनमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताची प्रतिमा पाहून गांधीजींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या दृष्टीने स्वेच्छेने सोसलेले दुःख प्रतिपक्षाचे मन पालटविते. प्रश्न एवढाच की हा उपाय ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचे दुःख आले त्याला कसा सांगायचा? दोन हजार वर्षे सोसूनही ज्यांचे मन पालटले नाही, ते आणखी एका उपवासाने पालटणार होते काय? १९३२ साली येरवड्याला उपवास झाला तेव्हा किंमत मोजावी लागली ती स्वतंत्र मतदारसंघ गमावणाऱ्या अस्पृश्यांना.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला. येशू मोक्षदाता म्हणविला गेला. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले. आपल्यासाठी दुसऱ्या कोणी मरावे आणि आपण सुटावे, ही कल्पनाच आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला मागे टाकली. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते, ते आपल्यालाच करायचे आहे. माझी निष्ठा या मार्गावर आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही.

५. खालून केलेले वाचन

परंतु वधस्तंभाचा दुसरा अर्थ महाराष्ट्रातच, आणि शूद्रातिशूद्रांच्या बाजूनेच, लावला गेला आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला दुसरा बळीराजा म्हटले. या एका नावात केवढा अर्थ आहे! मराठीत 'बळी' म्हणजे वामनाने पाताळात घातलेला शेतकऱ्यांचा राजा, आणि 'बळी' म्हणजे वेदीवर कापलेला जीवही. मिशनऱ्याच्या येशूचे मरण पापाच्या हिशोबासाठी होते. जोतीरावांच्या येशूचे मरण दीनदुबळ्यांची बाजू घेतल्याबद्दल होते, आणि मारणारे होते प्रस्थापित. त्यांनी वधस्तंभ देवघरातून उचलून इतिहासात रोवला.

त्यानंतर शतकभराने जालन्याच्या एका दलित ख्रिस्ती घरातले अरविंद निर्मळ यांनी तोच धागा उचलला. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. पुढे मद्रासच्या गुरुकुल या संस्थेत दलित ईश्वरविज्ञानाचे काम उभे केले. १९९५ साली ते गेले. भारतातले ख्रिस्ती ईश्वरविज्ञान तोवर उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या प्रश्नांनी भरलेले होते. ब्रह्म आणि ख्रिस्त, अद्वैत आणि त्रैक्य, असे ते प्रश्न. चर्चमध्ये बसणारी बहुसंख्य माणसे ज्या वस्त्यांतून आली होती त्यांचा प्रश्न त्यात नव्हता. निर्मळांनी म्हटले की येशू स्वतः दलित आहे आणि वधस्तंभावर तो पुरता दलित झाला. मोडलेला, चिरडलेला, फाटलेला. देवाने मला का टाकले, असा त्याचा जो आक्रोश आहे तो दलिताच्या रोजच्या अनुभवाचा आक्रोश आहे. मंदिरातला बाजार उधळण्याची कृती त्यांनी दलितांच्या मंदिर प्रवेशाच्या लढ्याशेजारी ठेवून वाचली.

ज्या वर्षांत नामांतराचा लढा पेटला होता, पँथरची घोषणा अजून भिंतींवर होती, त्याच वर्षांत हा विचार आला हे योगायोगाने झाले नाही. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्याच अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चमधून जेम्स कोन हे कृष्णवर्णीयांचे ईश्वरविज्ञान मांडीत होते. २०११ साली त्यांनी एक सबंध पुस्तकच वधस्तंभ आणि काळ्या माणसांना जमावाने फाशी दिलेली झाडे यांच्यावर लिहिले. गोऱ्या ख्रिस्त्यांनी रविवारी वधस्तंभापुढे मान वाकविली, आणि झाडाला टांगलेल्या काळ्या देहात त्यांना तोच वधस्तंभ दिसला नाही, हा त्यांचा सवाल आहे. धाकलीनंतर आणि खैरलांजीनंतर महाराष्ट्रातल्या चर्चना हाच सवाल विचारता येतो. अर्थात तो विहारांनाही विचारता येतो.

६. कसोटी पेल्याची, भिंतीची आणि दाखल्याची

मग कोणता अर्थ खरा? मला वाटते, वधस्तंभाचा अर्थ ग्रंथात ठरत नाही. तो तीन ठिकाणी ठरतो.

पहिले ठिकाण पेला. वधाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवण केले, त्याची आठवण म्हणून प्रभुभोजन होते. सगळ्यांनी एक भाकर मोडायची, एका पेल्यातून प्यायचे. ज्या देशात पाण्यासाठी महाडला जावे लागले त्या देशात एका पेल्यातून पिणे हा सिद्धांत नाही, सत्याग्रह आहे. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला आठवत असेल की नवरा ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाई टिळकांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. आधी त्यांनी मनातून जात टाकली, सर्वांच्या हातचे घेतले, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पाणी आधी आले, धर्म मागून. आज पुष्कळ मंडळ्यांत आरोग्याच्या कारणाने छोटे वेगवेगळे पेले वापरतात. कारण आरोग्याचेच असेल तर तक्रार नाही.

दुसरे ठिकाण भिंत. तमिळनाडूत वडक्कनकुलम येथे एकोणिसाव्या शतकात दोन वाटांचे चर्च बांधले गेले. दोन जातींनी दोन वाटांत बसायचे, वेदी मात्र एक, आणि मध्ये भिंत. ती १९१० साली पडली. दक्षिणेत कित्येक ठिकाणी स्मशानांतही भिंती उभ्या राहिल्या. वधस्तंभावर सर्वांसाठी मेलेल्या माणसाच्या नावाने पुरलेल्या मढ्यांनाही जात सुटली नाही. महाराष्ट्रात भिंत दिसत नाही. ती लग्नाच्या बोलणीत उभी राहते. याबाबतीत आम्ही बौद्धांनी ख्रिस्ती बांधवांना हिणवावे असे आमचे घरही स्वच्छ नाही. पोटजात विचारून सोयरीक करणारा उपासक कोणत्या तोंडाने बोलणार?

तिसरे ठिकाण दाखला, आणि हे सर्वांत निकडीचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या धर्माला जोडली. आधी फक्त हिंदू आणि काही शीख जाती. १९५६ साली शीख. १९९० साली बौद्ध. महाराष्ट्राने आम्हाला १९६० साली सवलती दिल्या, पण केंद्राचे दार उघडायला आणखी ३० वर्षे लागली. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना ते उघडलेले नाही. १९८५ साली मद्रासमधील एका ख्रिस्ती चर्मकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. धर्मांतरानंतरही दुर्दशा तितकीच तीव्र राहते हे सिद्ध करा, असा त्याचा आशय होता. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही याच दाखल्याला जोडलेले आहे. म्हणजे दोन भाऊ, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. एकाच जमावाने एकाच रात्री दोघांना जातीवरून मारले, तर कायद्याला एकाचीच जात दिसते.

शासन म्हणते, तू ख्रिस्ती झालास, तुझी जात गेली. गाव म्हणते, तू कोणीही हो, तुझी जात तीच. पाळक म्हणतो, सोस. या तिघांच्या मधोमध जो उभा आहे त्याचा वधस्तंभ रूपकातला नाही.

आमच्यातले काही जण म्हणतात की ख्रिस्त्यांना दर्जा दिला तर आमच्या जागा कमी होतील. ही भीती मी समजू शकतो. पुरेशा जागाच नसलेल्या समाजात ती साहजिक आहे. म्हणून मागणी जागा वाढवून मागण्याची हवी. पण १९५६ ते १९९० आम्हीही याच दाराबाहेर उभे होतो. तेव्हा आम्ही म्हणत होतो की धर्म बदलल्याने जातीचा मार थांबत नाही. तो युक्तिवाद आमच्यापुरता खरा आणि त्यांच्यापुरता खोटा, असे कसे होईल?

गुरुकुंजाच्या प्रार्थनेलाही हीच कसोटी लागते. महाराजांनी सर्वांना एका ओळीत बसविले, मंदिरे आणि विहिरी सर्वांना मोकळ्या करा असे गावोगाव सांगितले. हे ऋण वऱ्हाडने मान्य केले पाहिजे. पण १९६४ साली, मुंबईत पोपच्या उपस्थितीत ख्रिस्ती महापरिषद भरणार म्हणून धर्मांतराची धास्ती उठली असताना, विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेच्या वेळीही ते होते. ख्रिस्ती प्रार्थना ऐकायची आणि ख्रिस्ती होणाऱ्याला घाबरायचे, ही विसंगती एका संताची नाही, सबंध समाजाची आहे. सर्वधर्मसमभाव प्रार्थनेपुरता राहिला की असे होते.

ख्रिस्ती दलित तरुणांना माझे सांगणे आहे की वधस्तंभाचा अर्थ तुमच्या पाळकावर सोडू नका. तुमच्या ग्रंथात सोसण्याचे वाक्य आहे, तसा उधळलेला बाजारही आहे. जोतीरावांनी आणि निर्मळांनी दाखविलेले वाचन तुमचे आहे. ते उत्तम शुक्रवारच्या व्यासपीठावरून मांडा, आणि मजुरी बुडविणाऱ्याच्या दारातही मांडा. बौद्ध तरुणांना सांगणे असे की तुमचा मार्ग मोक्षदात्याचा नाही, तो सोडू नका. पण दाखल्याच्या लढ्यात या भावाला एकटे टाकू नका. मोझरीच्या, तिवशाच्या, अकोल्याच्या, खामगावच्या वस्त्यांतून जेव्हा दोघांचा मिळून एक अर्ज तहसीलदाराच्या टेबलावर जाईल, तेव्हा वधस्तंभाच्या अर्थावरचा वाद आपण स्वस्थपणे, बरोबरीने बसून घालू.